तळमजलाच हवा

४ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीने सगळ्या सुपरवायझरना एकेक डायरी दिली. कामाच्या नोंदी हल्ली मोबाइलवर होतात, तेव्हा हिचं करायचं काय हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. फुकट ते पौष्टिक म्हणून घरी आणली. बायको म्हणाली, "त्यात लिही तरी काहीतरी. बोलत तर नाहीसच."

तर लिहितो. मी लिफ्टचा मेकॅनिक. बरीच वर्षं परदेशात लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि गेल्या महिन्यात बायको-मुलीला घेऊन परत आलो. आलो ते आईसाठी. आई ताईकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायची. त्या इमारतीला लिफ्ट नाही. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून आई खाली उतरलेलीच नव्हती. "मुलगा जगाला वर-खाली करतोय आणि आई इथे वरच अडकली," असं ताई फोनवर म्हणायची. हसत म्हणायची, पण दर वेळी म्हणायची. मी आईला शब्द दिला होता की येतो, तळमजल्याचं घर घेतो, मग तू रोज बाहेर पड.

आम्ही आलो आणि त्याच आठवड्यात आई गेली. झोपेत गेली, त्रास झाला नाही. सगळे असं म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मला रडू आलं नाही. ताई म्हणाली, येईल, घाई नको. मी कुठे घाई करतोय?

सध्या भाड्याच्या दोन खोल्यांत आहोत. बॅगा अजून भिंतीशी उभ्या आहेत, लागेल ते त्यातून ओढून काढतो. घर शोधणं चालू आहे. राहायला घर तर लागणारच.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजचं घर ओल आलेलं निघालं. एजंट ते दाखवताना भिंतीच्या त्या भागापुढे पाठ लावून उभाच राहिला होता. आईसाठी घर हवं म्हणून परदेशातूनच फोनवर याला ठरवलं होतं. कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा की चालताना तो येतोय हे आधी कानाला कळतं. बायकोने त्याचं नाव चावीवाले ठेवलं आहे. माणूस बोलका. "लोक म्हणतात घर पाहावं बांधून. मी म्हणतो साहेब, नुसतं बघून पाहा, त्यातच जीव जातो!" हा विनोद तो प्रत्येक घराच्या दारात करतो.

त्याचा एक मोठा अभिमान म्हणजे गिऱ्हाइकाची गरज तो कधी विसरत नाही. "तळमजला, दाराला पायऱ्या नाहीत, खोलीला लागून बाथरूम, खिडकीतून रस्ता दिसला पाहिजे. पाठ आहे मला. आजी नाही आल्या?"

बायको आणि मुलगी मागच्या अंगणात होत्या. मी म्हणालो, "आज जरा बरं नाही तिला."

असं का म्हणालो, माहीत नाही. भल्या माणसाचा शनिवार कशाला नासवायचा, असं वाटलं असेल. पुढच्या वेळी सांगून टाकेन.

९ फेब्रुवारी, रविवार

बायको चहा घेताना म्हणाली, "एक विचारू? आपण अजून तळमजलेच का बघतोय? उजेड नाही, वारा नाही, डास मात्र घरच्यासारखे."

मी तिला समजावून सांगितलं. लिफ्टवर विश्वास ठेवू नये, हे मला लोकांनी पगार देऊन शिकवलंय. दोर वेळेवर बदलत नाहीत, दाराचा सेन्सर गेला तर रुमालाची घडी कोंबून भागवतात. कॅबिन मजल्यापेक्षा अंगठाभर खाली थांबते आणि लोक ठेचकाळतात. म्हाताऱ्या माणसाला तेवढं पुरे होतं.

"कुठल्या म्हाताऱ्या माणसाला?" ती म्हणाली.

"कुणालाही. आपणही कधी म्हातारे होऊच की."

तिने चहा संपवला. मग वेगळाच विषय काढला. तिकडे ती ज्या लॅबमध्ये रक्त तपासायची, त्यांनी तिची जागा अजून भरलेली नाही. येणार असलीस तर महिनाअखेरपर्यंत कळव, असं त्यांचं म्हणणं. "मला इथे राहायचंय," ती म्हणाली, "पण कुठेतरी राहायचंय. बॅगेत नाही. महिनाअखेरपर्यंत काही ठरलं नाही तर मी हिला घेऊन जाते. तू आवर तुझं, मग बघू."

भांडण झालं नाही. आवाजही चढला नाही. मी बरं म्हणालो आणि कप विसळून ठेवले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कामावर एका दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक बाई, आईच्या वयाच्या, काठी घेतलेल्या. मी वर मशीनरूममध्ये जाऊन ब्रेक सोडला, हाताने चाक फिरवून कॅबिन मजल्याला आणली, पोरांनी दार उघडलं. मी खाली आल्यावर बाईंनी माझा हात धरला तो सोडेनात. "देवासारखा आलास रे बाळा," म्हणाल्या. मी ब्रेकचं लायनिंग किती झिजलंय याचा विचार करत होतो. हात गार होता, एवढं लक्षात आहे.

माझ्या हाताखालचा मेकॅनिक म्हणाला, "साहेब, त्या रडत होत्या, तुम्ही त्यांना वंगणाबद्दल काय सांगत होता?" मला तर आठवतही नाही.

लायनिंग बदलायला सांगितलं आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चावीवाल्यांनी दोन घरं दाखवली. पहिल्याच्या दाराला चार पायऱ्या. ते स्वतःच हळहळले, "फोटोत दिसल्या नव्हत्या हो. आजींना नाही जमायचं." मी मान हलवली. दुसऱ्यात बाथरूम घराच्या पार दुसऱ्या टोकाला. मी नको म्हणालो. बायको आज आली नव्हती, तिचं डोकं दुखत होतं.

चावीवाल्यांना आईचं सांगायचं आजही राहून गेलं. आता सांगायचं म्हणजे इतके दिवस का नाही सांगितलं, तेही सांगावं लागेल. गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी त्या माणसाची गत झाली आहे. पण घर मिळालं की हा प्रश्नच उरणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

घर सापडलं.

मालकीणबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या. बहिणीजवळ राहायला जायचं म्हणून विकताहेत. चावीवाले त्यांना पोस्टमास्तरीणबाई म्हणतात. बाई मोजकं बोलतात, पण घर असं दाखवतात की जणू पार्सल सोडवून घेताय. "हे बघा. हे तपासा. हे बरोबर आहे? पुढे चला." पुढची खोली रस्त्याकडे. खिडकी इतकी खाली की खुर्चीत बसलेल्या माणसाला येणारा-जाणारा दिसेल. समोर वाण्याचं दुकान, त्यापुढे बाक. खोलीला लागून बाथरूम, भिंतीत धरायला दांडी आधीपासूनच. मी दांडीला लोंबकळून पाहिलं, हलली नाही. मधे कुठे उंबरा नाही. फक्त बाहेरच्या दाराला एक पायरी. "एवढी एक तिला जड जाईल," मी म्हणालो.

आमची मुलगी तेरा वर्षांची. आई तिला फोनवर भिंगरी म्हणायची, तेच नाव पडलं. भिंगरी मागची खोली बघून आली आणि म्हणाली, "माझी खोली म्हणजे हा पॅसेज का? याला दारच नाहीये." पडदा लावू, असं मी म्हणालो.

निघताना पोस्टमास्तरीणबाईंनी विचारलं, "ज्यांच्यासाठी एवढं बघताय त्यांना कधी आणता? राहणाऱ्या माणसाने बघितल्याशिवाय मी व्यवहार करत नाही."

"पुढच्या रविवारी आणतो आईला," मी म्हणालो.

बायको शेजारीच उभी होती. भिंगरीही. बायकोने वाकून चपला घातल्या. गाडीत भिंगरी म्हणाली, "बाबा..." आणि बायकोने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आता असं आहे की पुढच्या रविवारी आजारी आहे म्हणता येईल. मग कागद होतील, आणि मग कोण विचारतंय? घर चांगलं आहे. मी बारा ठिकाणी बघून सांगतोय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कामावरून आलो तर बॅगा भिंतीशी नव्हत्या. पलंगावर उघड्या पडल्या होत्या आणि बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मला बघून म्हणाली, "हातपाय धू, जेवायला वाढते." मी समजलो. महिनाअखेर जवळ आली, तयारी नको का करायला? माझ्या कपड्यांच्याही घड्या घातल्या होत्या तिने. जाता जाता नवऱ्याचं आवरून जावं असा तिचा स्वभाव आहेच.

मला वाईट वाटायला हवं होतं. भात थोडा जास्त खाल्ला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बायकोने लोखंडी तवा आणला. चांगला जड. विमानात एवढं वजन कशाला, असं तोंडावर आलं होतं. पण तिकडे असा तवा मिळायचा नाही म्हणून ती नेहमी कुरकुरायची, तेव्हा नेत असेल. विचारलं नाही. ताईकडे जाऊन ती बराच वेळ बसून आली, असं भिंगरीकडून कळलं. निरोपाचं असणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी बायको ठेवणीतले कपडे घालून बाहेर पडली. तिकिटांचं काम असेल. दुपारी भिंगरीला शाळेतून आणायला मी गेलो. वाटेत तिने विचारलं, "बाबा, तुला आजी दिसते का?"

"म्हणजे?"

"म्हणजे खरोखर. भुतासारखी. तसं असेल तर सांग, मी कुणाला सांगणार नाही."

मी हसलो. म्हणालो, वेडी आहेस का? ती गंभीरच होती. "मग त्या बाईंना 'आईला आणतो' असं का म्हणालास?"

मी तिला म्हटलं, मोठ्यांच्या व्यवहारात असं बोलावं लागतं. तिने मान हलवली आणि माझ्या हातातली पाण्याची बाटली स्वतः घेतली. म्हणाली, "मी धरते, तू दमला असशील." पोर शहाणी आहे. ती जाईल तेव्हा घरात फारच शांत होईल. आत्ताच मनाची तयारी ठेवलेली बरी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

चावीवाल्यांचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "साहेब, उद्या आजींना आणाच. बाईंनी एक गंमत करून ठेवली आहे. सांगणार नाही, बघाच."

मी म्हणालो की तिला बरं नाही.

"अहो, मग आपण खुर्ची घेऊन येऊ ना! मी येतो, तुमचा मेव्हणा असेल तो येईल. तिसऱ्या मजल्यावरून उचलून आणू. चौघांत काय जड आहेत त्या?"

जड नव्हतीच ती. ताईच्या घरातून उतरवताना आम्ही चौघेच होतो. जिना अरुंद, वळणावर तिरकं करावं लागलं. तेव्हा मी "डावीकडे घ्या, जरा वर उचला" असं सांगत होतो, मशीन उतरवताना सांगतो तसं. कुणीतरी नंतर माझी तारीफ केली, की याने कसं डोकं शांत ठेवलं. आई दोन वर्षांनी खाली उतरली ती अशी.

चावीवाल्यांना म्हटलं, नको, बघतो मी.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज सगळंच लिहून काढतो, म्हणजे डोकं मोकळं होईल.

मी एकटाच जाणार होतो. बायको म्हणाली, "आम्ही येतो." नको म्हटलं तरी दोघी गाडीत बसल्या.

पोस्टमास्तरीणबाई दारातच उभ्या. "पायाखाली बघा, पायाखाली!" पायरी गायब होती. तिच्या जागी सिमेंटचा उतार, त्यावर ओलं गोणपाट पसरलेलं. बाईंनी एका हाताने गोणपाट बाजूला ओढलं. "एवढी एक पायरी जड जाईल म्हणालात ना? म्हटलं, माझ्या गुडघ्यांनाच कळतंय ते. काल गवंडी बोलावून फोडून टाकली. कुठे आहेत आई?"

चावीवाले तोवर आमच्या गाडीकडे धावले होते. चाव्या वाजू नयेत म्हणून जुडगा एका हाताने दाबून धरलेला, दुसरा हात आईला द्यायला पुढे केलेला. त्यांनी मागचं दार उघडलं. भिंगरी उतरली. ते वाकून आत बघायला लागले. मग गाडीला वळसा घालून पलीकडचं दार उघडून तिकडूनही बघितलं.

मी उताराकडे बघत होतो. काम चांगलं होतं. चढ फार खडा नाही, फार लांब नाही. पाय घसरू नये म्हणून गवंड्याने थापीच्या टोकाने आडव्या रेघा ओढल्या होत्या, जवळजवळ, अगदी म्हाताऱ्या माणसाच्या पावलाच्या अंतराने. कुणीतरी न बघितलेल्या आईसाठी एवढा विचार केला होता. मी तिला जिवंतपणी एक पायरीसुद्धा उतरवली नाही.

"आई वारली," मी म्हणालो. "आम्ही आलो त्याच आठवड्यात वारली."

मोठ्याने हे मी पहिल्यांदाच म्हणालो. ताई होती, शेजारी होते, सगळ्यांना आधीच माहीत होतं, त्यामुळे मला कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. एवढं बोललो आणि तोंड वेडंवाकडं झालं. त्या ओल्या उतारावरच बसलो आणि रडलो. लहान पोरासारखा, नाक पुसायचीही शुद्ध नव्हती. रस्त्यावर लोक होते.

"अहो, सिमेंट!" पोस्टमास्तरीणबाई ओरडल्या. मग म्हणाल्या, "गवंड्याला दिलेले पैसे गेले की हो माझे." आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी पैसे देतो म्हटलं तर म्हणाल्या, "राहू द्या. जाईपर्यंत माझेच गुडघे वापरतील." तांब्या माझ्या हातात दिला. "घर तुम्हाला देणार नाही मी," म्हणाल्या. "रागाने नाही. या खिडकीशी तुम्ही खुर्ची ठेवाल आणि रोज रिकामी बघत बसाल. त्या पोरीला दार असलेली खोली बघा."

चावीवाले गाडीचं दार धरून तसेच उभे होते. भिंगरीने ते त्यांच्या हातातून घेऊन हळूच लावलं.

घरी आल्यावर पँट भिजत टाकली आणि बायकोला म्हणालो, "तुला अठ्ठावीसपर्यंत कळवायचंय. येते म्हणून कळवून टाक. तुम्ही दोघी जा. मला राग नाही. तयारी केलीस ती मी बघितली आहे."

"कसली तयारी?"

"बॅगा काढल्यास. घड्या घातल्यास. तवा घेतलास."

तिने कपाटाकडे बोट दाखवलं. "अरे, बॅगा रिकाम्या केल्या मी. आठवडाभर कपाटातून शर्ट काढून घालतोयस. बॅगा माळ्यावर आहेत. आणि तवा विमानातून नेईन का मी?"

मी कपाट उघडून बघितलं. माझे शर्ट होते. तिचे कपडे होते. खालच्या खणात भिंगरीचे.

"उत्तर मी गेल्या रविवारीच दिलं," ती म्हणाली. "येत नाही म्हणून. गुरुवारी इथल्या एका लॅबला भेटून आले."

"पण घर तर ठरलं नव्हतं."

"तू त्या बाईंना म्हणालास, पुढच्या रविवारी आणतो आईला. असा माणूस एकटा टाकून मी कुठे जाणार होते?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलायला गेले होते ताईंकडे. त्या म्हणाल्या, त्याचं त्याला बोलू दे. मग वाट बघितली." मग तिलाही रडू आलं. तिचीही आई गेल्यासारखंच होतं ते, हे इतके दिवस माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. रोज संध्याकाळी फोनवर आईशी तीच बोलायची. मी मागून फक्त "मी पण आहे" असं ओरडायचो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारच्या सुट्टीत चावीवाल्यांना फोन केला. आधी माफी मागितली. ते म्हणाले, "साहेब, मला सांगायचं होतंत हो. मी घराघरात तुमच्या आईची ओळख सांगत फिरत होतो. तीन घरमालक आजींची तब्येत विचारतात."

त्यांना काय सांगू, असं मी विचारलं. "मी सांगतो सगळ्यांना," ते म्हणाले. "ते माझ्याकडे लागलं." मग कागद सरकवल्याचा आवाज आला. "आता नवीन गरज सांगा. मजला?"

बायकोला ऊन हवंय, मी म्हणालो. कितीही वर चालेल. मुलीच्या खोलीला दार हवं, कडी आतून.

"बरोबर. आणि माणसं किती राहणार?"

किती सोपा प्रश्न. भिंगरीनेही दिलं असतं उत्तर. मी मशीनरूमच्या दाराबाहेर उभा होतो, आत मोटर चालू होती, आणि माझ्या तोंडातून काही निघेना.

"सावकाश सांगा साहेब," चावीवाले म्हणाले. "मी थांबतो."

"तीन," मी म्हणालो.